लाल पानांचा देश

"सकाळी माझा रेडिओ ऐकू आला नाही ना आयिन, तर सरळ दार वाजव. विचार करत बसू नकोस. तू विचार फार करतेस."

फूबाक हे बोलले तेव्हा साउयिन, त्यांची आयिन, एका हाताने मुलीच्या टोपीची नाडी बांधत होती आणि दुसऱ्या हाताने लिफ्टचं बटण दाबत होती. ती हसली. म्हणाली, तुमचा रेडिओ बंद पडला तर अख्खा मजला त्या दिवशी गोडधोड करेल. तेही हसले. लिफ्ट आली, दोघी आत गेल्या, आणि ते बोलणं सतराव्या मजल्यावर तसंच राहून गेलं.

साउयिनला ओळखणाऱ्या कुणालाही याचं नवल वाटेल. भीतीच्या बाबतीत ती काटकसर करणारी बाई नव्हती. ती घरबसल्या औषधांच्या माहितीपत्रकांचं भाषांतर करायची. कुठल्या गोळीने अंगावर काय उठतं, कुठल्या थेंबांनी श्वास कसा अडकतो, हे दिवसभर लिहून लिहून तिला साध्या सर्दीतही चार पुढच्या पायऱ्या दिसायच्या. खिडकीची जाळी लागली आहे ना, हे ती झोपण्याआधी तीनदा बघायची. मुलगी, सामसाम, झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून बसायची. तिचा नवरा होनकेइ म्हणायचा, ही पोरगी मोठी झाली की पहिला पगार या पहारेकऱ्याला द्यावा लागणार. एवढं डोळ्यांत तेल घालून जगणाऱ्या बाईने भिंतीपलीकडच्या माणसाचं ते एक वाक्य मात्र हसण्यावारी नेलं.

फू हे त्यांचं आडनाव आणि बाक म्हणजे वडिलांचा मोठा भाऊ. नात्याचे ते कुणीच नव्हते. क्वाइ चुंगच्या त्या वसाहतीत लांब व्हरांड्याच्या टोकाला शेजारी शेजारी दोन दारं होती, एक त्यांचं, एक हिचं. वय एकोणऐंशी. बायको जाऊन बारा वर्षं झालेली. पहाटे सहाला त्यांचा रेडिओ लागायचा: आधी हवामान, मग बातम्या, मग जुनी ऑपेरातली गाणी, आणि गाण्यांवर त्यांचं स्वतःचं खोकत खोकत गुणगुणणं.

चाळीस वर्षं ते मोंग कोकमधल्या एका प्रवासी कंपनीच्या दुकानात पोस्टरं लिहीत होते. झगझगीत गुलाबी नाहीतर पिवळा कागद, जाड कुंचला, काळी शाई. आठ दिवस, सात रात्री, जेवणासकट. पण देशाचं सरळ नाव त्यांनी कधी पोस्टरवर लिहिलं नाही. त्यांचं म्हणणं, सरळ नाव वाचलं की माणूस नकाशा आठवतो, आणि असं नाव वाचलं की बायकोकडे बघतो. म्हणून फिनलंड हा हजार तळ्यांचा देश, थायलंड पांढऱ्या हत्तींचं राज्य, अमेरिका फुलांच्या झेंड्याचा देश. न्यूझीलंड म्हणजे लांब पांढऱ्या ढगाचं माहेर. ही नावं काही त्यांनी शोधलेली नव्हेत. अख्ख्या शहराच्या तोंडी ती होती, वर्तमानपत्रात आणि फुटबॉलच्या समालोचनात रोज यायची. पण बाकीचे ती सहज वापरून टाकायचे आणि फूबाक ती जिभेवर घोळवायचे. स्वतः ते जवळच्याच मकावच्या पुढे कधी गेले नव्हते.

होनकेइने एकदा त्यांना भारताचं नाव विचारलं होतं. त्यांनी सांगितलं, पश्चिमेचा स्वर्ग. पूर्वी भिक्षू पोथ्या आणायला तिकडे जायचे. मग डोळे बारीक करून म्हणाले, तिथे तर मी जाणारच आहे, त्याला व्हिसा लागत नाही. साउयिनने नवऱ्याला कोपर मारलं होतं.

पोस्टरं पुन्हा सुरू झाली ती सामसाममुळे. अडीच वर्षांची झाली तरी पोर बोलेना. दूध, नको, आई, असे पाच-सात शब्द, बस. साउयिन तीन डॉक्टरांकडे जाऊन आली. रात्र रात्र मोबाइलवर वाचत बसली. फूबाकना तिने काही सांगितलं नव्हतं, पण पुढच्या सोमवारी त्यांच्या लोखंडी जाळीच्या दारावर गुलाबी कागद लटकला: हजार तळ्यांचा देश, सहा दिवस, भाडं एक संत्रं. आणि खाली वेगळी चिकटवलेली कागदाची पट्टी: सहलप्रमुख, सामसाम. ते दाराशी स्टूल टाकून बसले आणि पोरीला एकेक अक्षर बोटाने दाखवत मोठ्याने वाचत राहिले. मग दर सोमवारी नवा देश. आठवडाभर त्या देशाच्या गोष्टी, निम्म्या खऱ्या, निम्म्या लोणकढी. चौथ्या सोमवारी सामसाम दारात उभी राहून स्वच्छ म्हणाली, "गुंगगुंग, आज कुठे जायचं?" गुंगगुंग म्हणजे आजोबा. साउयिन आत स्वयंपाकघरात होती. वाफवायला ठेवलेलं अंडं तिने करपवलं. पाणी कधी आटलं तेही तिला कळलं नाही.

एक देश मात्र त्यांनी कधी लिहिला नाही. कॅनडा. लाल पानांचा देश. त्यांची एकुलती एक मुलगी बिकहा एकोणीस वर्षांपूर्वी तिकडे गेली ती तिथलीच झाली. दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन यायचा. त्या जुन्या फोनची घंटा भिंतीतून साउयिनच्या घरात ऐकू यायची, आणि त्यांचं ठरलेलं पहिलं वाक्यही: जेवलीस का. लाल पानांच्या देशाचं पोस्टर का नाही, असं साउयिनने एकदा विचारलं, तर म्हणाले, त्या रंगाचा कागद संपलाय.

त्या दोन-तीन वर्षांत वसाहतीतली माणसं कायमची परदेशी जात होती. कुठे, कधी, कुणी सांगायचं नाही आणि कुणी विचारायचं नाही. एके दिवशी दाराबाहेरचं चपलांचं कपाट दिसेनासं व्हायचं, दारावरचा नवीन वर्षाचा लाल कागद फाटत जायचा, आणि मग लोक समजायचे. निरोप घेतला की पाय अडकतो. उरणाऱ्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. म्हणून चांगली चांगली माणसंही शेजाऱ्याला न सांगता गेली, आणि त्यात कुणी कुणाला दोष दिला नाही. तीच रीत होऊन बसली होती.

साउयिन आणि होनकेइचंही ठरलं होतं. तिच्या पदवीवर अर्ज झाला होता. लाल पानांच्याच देशाचा. ऑगस्टमध्ये कुरियरवाला आला तेव्हा ती सामसामला घेऊन दवाखान्यात होती. फूबाकनी सही करून पाकीट घेतलं, आणि ती आल्यावर तिच्या हातात दिलं. पालथं. वर काय छापलंय ते दिसणार नाही असं. त्यांनी बघितलं नाही, याचं तिला केवढं हायसं वाटलं.

सांगायचं तिच्या मनात होतं. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. होनकेइ म्हणाला, "सांगून टाक ना. ते काही तुझे बाबा नव्हेत."

"म्हणूनच सांगता येत नाही," ती म्हणाली. "बाबा असते तर भांडले असते."

नोव्हेंबरच्या दुसऱ्या सोमवारी ती दूध आणायला बाहेर पडली, आणि शेजारच्या दारावर लाल कागद होता. कोरा करकरीत लाल. त्यावर फूबाकच्या सर्वांत जाड कुंचल्याची अक्षरं: लाल पानांचा देश. निघण्याची तारीख: लवकरच. परतीची तारीख: ठरलेली नाही. भाडं लिहिलेलं नव्हतं. खाली पट्टीही नव्हती.

त्या दिवशी फूबाक दाराशी बसले नाहीत. आत कपाटाची दारं उघडल्या-मिटल्याचे आवाज येत होते. साउयिनने दोनदा बघितलं, पण सामसामला ताप होता आणि डोक्यात तापाशिवाय काही नव्हतं. मंगळवारी पहाटे रेडिओ वाजला.

बुधवारी वाजला नाही.

हे तिला लगेच कळलं, हे मुद्दाम सांगायला हवं. नंतर तिने स्वतःला बरीच सूट द्यायचा प्रयत्न केला, पण ही सूट घेता येत नव्हती. सहा वाजून दहा मिनिटांनी, पेजेचं पातेलं गॅसवर ठेवताना, तिचा हात थांबला. ओल्या हातांनीच ती बाहेर आली. जाळीचं दार ओढलेलं, आतलं लाकडी दार बंद, आणि मध्ये तो लाल कागद. तिने घंटेकडे हात नेला. मग तिने कागद पुन्हा वाचला. परतीची तारीख ठरलेली नाही. पट्टी नाही, म्हणजे सहल पोरीची नाही. कालपरवाचे कपाटाचे आवाज. गेले. मुलीकडे गेले. आणि सगळे जातात तसे, न सांगता गेले. फक्त ते फूबाक होते म्हणून जाता जाता एक पोस्टर लावून गेले.

तिचा हात खाली आला. डोळे भरले, थोडा रागही आला. पण त्या सगळ्याच्या खाली, अगदी तळाशी, एक गार सुटका होती. आता सांगावं लागणार नव्हतं. तिने आपलं गुपित आत्तापर्यंत लपवून ठेवलं होतं, त्यांनीही त्यांचं ठेवलं. फिटंफाट.

होनकेइला कळवलं तर तो खुशच झाला. म्हणाला, बरं झालं, म्हाताऱ्याला शेवटी मुलीची आठवण आली. फक्त बर्फात चपला घालून हिंडू नये म्हणजे मिळवली.

बुधवारी दुपारी भिंतीवर ठकठक झाली. थोडी, मग थांबून थोडी. वरच्या मजल्यावर फरशी बदलायचं काम चाललं होतं, ड्रिलचा आवाज तर रोजचाच. सामसाम झोपलेली होती. साउयिनने तिच्या कानांवर हात ठेवले आणि वरच्या लोकांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. ती ठकठक वरचीच होती की नाही, हे तिला कधीच कळणार नाही.

रविवारी दहाला पलीकडे फोन वाजला. वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. तिला वाटलं, बिचारं कुणीतरी, ह्यांना जाऊन चार दिवस झाले हे त्याला ठाऊकच नाही. दहा वाजले होते आणि रविवार होता. तरी तिच्या डोक्यात आलं नाही. माणसाने एकदा स्वतःची समजूत घातली की कानसुद्धा त्या समजुतीच्याच चाकरीला लागतात.

सोमवारी सामसाम जुन्याच पोस्टरपुढे हटून बसली. तेव्हा साउयिन उकिडवी बसली आणि तिने पहिल्यांदा मोठ्याने सांगितलं, की गुंगगुंग लाल पानांच्या देशात गेलेत, आपणही थोड्या दिवसांनी जाणार आहोत, तिथे ते भेटतील. पोरगी इतकी आनंदली की व्हरांडाभर दारं वाजवत सांगत सुटली. एवढे महिने जपलेलं गुपित पाच मिनिटांत मजल्यावर फुटलं, आणि साउयिनला त्याचंही काही वाटलं नाही. त्या रात्री तिने खिडकीची जाळी एकदाच बघितली.

मंगळवारी दुपारी खालच्या पहाऱ्यावरची लानजे वर आली. 'जे' म्हणजे ताई. साठीची, जाडजूड, जिभेला धार असलेली बाई. वसाहतीत कुणाकडे कोण जेवायला आलं हे त्या घरच्यांच्या आधी तिला कळायचं. आज तिची जीभ नरम होती. तिने विचारलं, फूबाकना शेवटचं कधी बघितलंस.

साउयिन म्हणाली, ते नाहीत, ते मुलीकडे गेले, आठवडा होत आला. आणि पोस्टरकडे बोट दाखवलं.

लानजेने पोस्टर वाचलं. मग साउयिनकडे बघितलं.

"त्यांची मुलगी तिथूनच फोन करतेय, पोरी," ती म्हणाली. "अजून लाइनवर आहे."

जाळी कापायला अग्निशमन दलाची माणसं आली. साउयिनने सामसामला घरात कोंडलं, टीव्हीचा आवाज मोठा केला, आणि व्हरांड्यात येऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली. कुणीतरी तो लाल कागद दारावरून काढून तिच्या हातात दिला, कुठेतरी ठेवायला हवा म्हणून. फूबाक न्हाणीघर आणि खोलीच्या मधल्या उंबऱ्याशी पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. साउयिनने तिथल्या अधिकाऱ्याला तीनदा एकच गोष्ट विचारली, जीव लगेच गेला का, तेव्हा तो तरुण मुलगा जमिनीकडे बघत म्हणाला, लगेच नाही. बुधवारी पहाटे पडले असावेत. त्यानंतर साधारण दोन दिवस.

भिंतीच्या त्या बाजूला दोन दिवस.

बिकहा तिसऱ्या दिवशी आली. बापाचंच कपाळ, बापासारखीच डोळे बारीक करण्याची सवय. घर आवरायला तिने साउयिनला हाक मारली. साउयिन दारातच थांबली आणि सगळं सांगून टाकलं: रेडिओचं ते वाक्य, पोस्टर, घंटेपर्यंत गेलेला हात, ठकठक, रविवारचा फोन. ऐकून झाल्यावर बिकहाने टेबलाकडे मान केली.

टेबलावर शाईचं वाळलेलं भांडं होतं, कुंचले धुऊन उलटे ठेवलेले होते. कात्रीखाली वजन म्हणून ठेवावी तशी लाल कागदाची एक अरुंद पट्टी होती. सहलप्रमुख, सामसाम. लिहून तयार. फक्त चिकटवलेली नव्हती.

"मी त्यांना वर्षानुवर्षं बोलवत होते," बिकहा म्हणाली. "ते यायचे नाहीत. ऑगस्टपासून मात्र दर रविवारी एकेक विचारायला लागले. तीन वर्षांच्या पोरीला बर्फात कोणते बूट लागतात. तिकडची शाळा कशी असते. मला वाटलं, म्हातारपणी माझं लहानपण काढतायत. मागच्याच्या मागच्या रविवारी म्हणाले, शेजारची मुलगी येतेय तुझ्याकडे. तिच्या आईने अजून मला सांगितलेलं नाही, तेव्हा तू काही बोलू नकोस. पण त्यांना उतरवून घ्यायला विमानतळावर जा."

ऑगस्ट. ते पालथं पाकीट.

साउयिनला सगळं एकदम दिसलं. त्यांनी पाकीट वाचलं होतं आणि म्हणूनच पालथं दिलं होतं. व्हरांड्यातून येणारे-जाणारे वाचतील, तिचं गुपित फुटेल, म्हणून पट्टी लावली नव्हती. ती येऊन सांगेल, मग चिकटवायची, असं ठरवून कात्रीखाली ठेवली असेल. सोमवारपासून वाट बघत असतील. आणि ती समोरून तीनदा गेली होती. एकोणीस वर्षं ज्या देशाचं नाव त्यांच्याने लिहवलं नव्हतं ते त्यांनी एका शेजारच्या पोरीसाठी लिहिलं, आणि तिच्या शिकलेल्या आईला ते वाचता आलं नाही.

अंत्यविधीच्या दिवशी, गेलेल्याला पलीकडे पोचावं म्हणून कागदी वस्तू जाळतात त्या रीतीने, कागदी सामानाच्या दुकानातून बिकहाने कागदाचा रेडिओ आणला. साउयिनने कागदाचं विमान घेतलं होतं. पण भट्टीपुढे उभी राहिल्यावर तिला ते टाकवेना. तिने रेडिओच टाकू दिला. राख वर उडाली, खाली आली, कुणाच्या तरी बाहीवर बसली.

मार्चमध्ये ते निघाले. निघण्याआधी साउयिनने मजल्यावरचं प्रत्येक दार वाजवून सांगितलं. काही लोकांना ते आवडलं नाही. तेरा नंबरच्या बाईने तर दार अर्धवटच उघडलं आणि म्हणाली, आम्हाला कशाला सांगतेस. लानजे मात्र लिफ्टपर्यंत आली, सामसामच्या खिशात शकुनाच्या पैशांचं लाल पाकीट कोंबलं, आणि आता मी कुणाची चोरून चौकशी करायची, असं म्हणून नाक ओढत निघून गेली.

बिकहा विमानतळावर आली होती. बापाला दिलेला शब्द होता. दोघींना एकमेकींशी बोलण्यासारखं काही नव्हतं, आणि तरी तिने सामसामसाठी बूट आणले होते, बरोबर मापाचे. गाडीच्या खिडकीतून बाहेर एकही लाल पान दिसत नव्हतं. नुसती काळी झाडं आणि मळका बर्फ. सामसाम काचेला नाक लावून बसली होती. बऱ्याच वेळाने तिने बिकहाला विचारलं, "गुंगगुंगचं घर कोणतं?"

बिकहाने आरशातून मागे बघितलं. साउयिनने पोरीच्या टोपीची नाडी पुन्हा बांधली. पोरीला हे तिनेच सांगितलं होतं, की तिथे ते भेटतील. पोरीला शब्द उशिरा आले, पण एकदा आलेला शब्द ती सोडत नाही. ती अजूनही विचारते. बर्फातून टोपी घातलेला कुणी म्हातारा माणूस गेला की थांबते.

साउयिन आता ज्या इमारतीत राहते तिथल्या भिंती जाड आहेत, पलीकडचं काही ऐकू येत नाही. म्हणून ती सकाळी खाली जाते आणि दोनशे चारमधल्या आजीबाईंचं दार वाजवते. भाषा धड जुळत नाही. आजीबाई दार उघडतात, ही मान हलवते, त्या मान हलवतात, दार मिटतं. होनकेइ म्हणतो, ती बाई तुला वेडी समजत असेल. समजू दे.

आणि जो भेटेल त्याला साउयिन एकच विचारते, तेच तुम्हालाही विचारायचं आहे. तुमच्या शेजारी कुणी एकटं राहत असेल. त्याचा खोकला, त्याच्या कुकरची शिटी, त्याचा रेडिओ, आज सकाळी ऐकलात का? गावाला गेले असतील, मुलाकडे गेले असतील, असं मनाशी म्हणू नका. ती तुमची समजूत आहे, त्यांची बातमी नाही. हे वाचणं राहू द्या, उठा, आणि एकदा दार वाजवून या.